इंग्लंडला इंग्लिश मॅनेजर का मिळत नाही?

कूपरेजकर | १७ ऑक्टोबर २०२४

काल थॉमस टुखेलच्या नावाची घोषणा झाली. एक जानेवारीपासून इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं जर्मन माणसाकडे. एरिक्सन आणि कापेलोनंतरचा हा तिसरा परदेशी. तिकडच्या पेपरांनी ऊर बडवायला सुरुवात केलीच आहे. परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली आजवर एकाही देशाने वर्ल्ड कप जिंकलेला नाही, हेही सगळ्यांना एकदम आठवलंय. मला त्यात फारसा रस नाही. टुखेल नको, मग नेमायचा कोणाला होता, ते सांगा.

प्रीमियर लीगचे वीस क्लब घ्या. आज त्यात इंग्लिश मॅनेजर तीन. न्यूकॅसलला एडी हाऊ, एव्हर्टनला शॉन डाइश, वुल्व्हजला गॅरी ओनील. साउथहॅम्प्टनचा रसेल मार्टिन जन्माने ब्रायटनचा, पण खेळला स्कॉटलंडकडून. इप्सविचचा कीरन मॅकेना लंडनमध्ये जन्मला, वाढला उत्तर आयर्लंडमध्ये. ओढूनताणून धरलेत तरी आकडा काही फार वर जात नाही.

आता याच लीगमध्ये स्पेनच्या गिपुस्कोआ या एका प्रांतातले मॅनेजर मोजा. आर्सेनलचा आर्तेता, ॲस्टन व्हिलाचा एमरी, बोर्नमथचा इराओला, वेस्ट हॅमचा लोपेतेगी. चार! या प्रांताची लोकसंख्या आपल्या सिंधुदुर्गापेक्षाही कमी आहे. म्हणजे इंग्लंडच्या लीगमध्ये अख्ख्या इंग्लंडपेक्षा एका बास्क जिल्ह्याचे मॅनेजर जास्त. शाबी अलोन्सोही तिकडचाच, तो तूर्तास जर्मनीत लेव्हरकुसनमध्ये आहे म्हणून सोडून दिला.

इतिहासही तसाच. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एकाही इंग्लिश मॅनेजरने ती जिंकलेली नाही. शेवटचा लीगविजेता इंग्लिश मॅनेजर म्हणजे लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन, १९९१-९२, प्रीमियर लीगच्या आधीचा शेवटचा सीझन. दुसरा क्रमांक दोघांनी काढला, व्हिलाचा रॉन ॲटकिन्सन १९९३ मध्ये आणि न्यूकॅसलचा केविन कीगन १९९६ मध्ये. कीगनकडे तर बारा पॉइंटची आघाडी होती. एफए कप शेवटचा जिंकला तो हॅरी रेडनॅपच्या पोर्ट्समथने, २००८ मध्ये.

माझं मत विचाराल तर डोकी कमी नाहीत, मधली पायरी नाही. स्पेनमध्ये क्लबाचा बी संघ खऱ्या लीगमध्ये खेळतो. हरला तर खाली जातो, स्टेडियममध्ये लोक शिव्या घालतात. अलोन्सोने रिआल सोसिएदादचा बी संघ २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत नेला, पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली आला. कोणी त्याला फाशी दिली नाही. ग्वार्दिओलाची सुरुवातही बार्साच्या, म्हणजे बार्सिलोनाच्या, बी संघापासून. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांचा अंडर-२१ संघ आपसात खेळतो, रिकाम्या खुर्च्यांसमोर, हरलं काय नि जिंकलं काय. तिथून उठून थेट चौथ्या श्रेणीतल्या क्लबात जायचं आणि आठ मॅच हरलं की नारळ.

तुम्हाला काय वाटतं?


बंड्या दहा नंबर | १७ ऑक्टोबर २०२४

आपला जुना इंग्लिश मॅनेजर सॅम अलार्डाइस मागे म्हणाला होता की माझं नाव 'अलार्दिची' असतं तर मला मोठ्या क्लबाने घेतलं असतं. तेव्हा सगळे हसले. तुमची यादी वाचून वाटतंय, म्हातारा अगदीच चुकीचं बोलत नव्हता.


कट्टर युनायटेड | १७ ऑक्टोबर २०२४

अलार्डाइसची टीम नव्वद मिनिटं बघितलीत का कधी? नाव पेले ठेवलं असतं तरी कोणी घेतलं नसतं.

आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाबद्दल: फरक काय पडतो? लीगमधले पैसे जगभरचे, खेळाडू जगभरचे, मालक अमेरिका नि आखातातले, प्रेक्षक तुम्ही-आम्ही. मॅनेजर तेवढा डर्बीशायरचा पाहिजे? १९९२ ला प्रीमियर लीगच्या पहिल्या आठवड्यात बावीस क्लबांचे मिळून फक्त तेरा परदेशी खेळाडू सुरुवातीच्या अकरांत होते, आणि मॅनेजर सगळे ब्रिटन-आयर्लंडचे. परत बघा ते सामने. गोलकीपरने लांब मारायचा आणि बाकीच्यांनी पळायचं. वेंगर आला, मग मोरिन्यो, मग पेप ग्वार्दिओला आणि क्लॉप. त्या शाळेत शिकूनच आजचे इंग्लिश पोरगे बॉल पायात ठेवायला लागले. इंग्लंडचा आधीचा मॅनेजर साउथगेट, त्याने दोन युरो फायनल गाठल्या त्या याच पोरांच्या जोरावर.


जुना स्टॉपर | १८ ऑक्टोबर २०२४

कट्टर, तुमच्या क्लबाला ज्याने तेरा वेळा प्रीमियर लीग मिळवून दिली तो ॲलेक्स फर्ग्युसन ग्लासगोचा होता. ब्लॅकबर्नला १९९५ मध्ये जिंकवणारा डॅलग्लिशही ग्लासगोचाच. म्हणजे परदेशी लोक येण्याआधीही मोठी गादी बऱ्याचदा स्कॉटिश माणसाकडेच असायची. हे कूपरेजकरांच्या मांडणीत आलं नाही.

पण इंग्लिश मॅनेजर कधी नव्हताच, असं मात्र समजू नका. आम्ही रेडिओवर आणि आठवड्याने येणाऱ्या मासिकांत फुटबॉल वाचलेली माणसं. १९७७ ते १९८२ सलग सहा वर्षं युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) इंग्लिश मॅनेजरने जिंकला. बॉब पेस्ली तीनदा, ब्रायन क्लफ दोनदा, मग व्हिलाचा टोनी बार्टन. १९८४ मध्ये परत लिव्हरपूलचा जो फेगन.

आणि हे आले कुठून? पेस्ली डरहॅममधल्या हेटन-ल-होल या कोळसाखाणीच्या गावचा. क्लफ मिडल्सब्रोचा. लीड्सचा मॅनेजर डॉन रेव्हीही मिडल्सब्रोचा. बॉबी रॉब्सन डरहॅममधलाच, बाप खाणीत, स्वतःही पोरवयात खाणीत इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला. कूपरेजकर, तुमच्या गिपुस्कोआचं कौतुक योग्य आहे, पण ईशान्य इंग्लंडचा तो पट्टा एके काळी अगदी तसाच होता. खाणी बंद झाल्या, तो पट्टा ओस पडला आणि तिथून मॅनेजर यायचेही थांबले. यावर कोणी नीट लिहायला हवं.

आता एक मॅच सांगतो. १९७९ ची युरोपियन कप फायनल, म्युनिक. नॉटिंगहॅम फॉरेस्ट विरुद्ध स्वीडनचा माल्मो. ट्रेव्हर फ्रान्सिसने लांबच्या पोस्टवर डोकं लावून गोल केला, १-०. फॉरेस्टच्या बाकावर क्लफ. माल्मोच्या बाकावर कोण? बॉब हॉटन, लंडनचा, वय तिशीच्या आसपास. दोन्ही बाकांवर इंग्रज! हॉटन आणि त्याचा मित्र रॉय हॉजसन, दोघांनी मिळून स्वीडनला बचाव शिकवला. मायदेशी त्यांना कोणी विचारत नव्हतं.

हा हॉटन तोच. २००६ ते २०११ भारताचा कोच. दिल्लीत २००७ आणि २००९ चा नेहरू कप, दोन्ही वेळा फायनलला सीरिया. मग २०११ ला दोह्याचा एशियन कप, आपण सत्तावीस वर्षांनी तिथे पोचलो. आपल्या बाकावर युरोपियन कप फायनल खेळवलेला माणूस बसलाय, हे तेव्हा स्टेडियममधल्या किती जणांना ठाऊक होतं?


कूपरेजकर | १८ ऑक्टोबर २०२४

स्टॉपरकाका, दंडवत. म्युनिकची बाजू मला माहीतच नव्हती.

यातून माझ्या मुद्द्याला दुसरी बाजू जोडली जाते. ज्या इंग्लिश कोचने नाव काढलं तो बहुतेक वेळा बाहेर जाऊन आला. रॉब्सनने पीएसव्हीकडून दोनदा आणि पोर्तोकडून दोनदा लीग जिंकली, बार्सिलोनाला १९९७ चा कप विनर्स कप दिला. शेजारी दुभाषा म्हणून मोरिन्यो! व्हेनेबल्सने १९८५ मध्ये बार्साला लीग मिळवून दिली. ग्रॅहॅम पॉटर स्वीडनमध्ये ऑस्टरसुंडला गेला. चौथ्या श्रेणीतला क्लब, बर्फाळ गाव. त्यांना वरच्या लीगमध्ये आणलं, २०१७ चा स्वीडिश कप जिंकला आणि पुढच्या वर्षी आर्सेनलला त्यांच्याच मैदानात २-१ हरवलं (एकूण गोलांवर बाहेर पडले, पण तरी).

बाकीचे जातच नाहीत. भाषा येत नाही, शिकायची इच्छा नाही, आणि घरच्या दुसऱ्या श्रेणीत पगार इतका की ऑस्ट्रिया-डेन्मार्कला जाईल कोण?


बंड्या दहा नंबर | १८ ऑक्टोबर २०२४

गेला तरी काय उजेड पडतो? इंग्लंडचा तेव्हाचा मॅनेजर मॅक्लारेन, त्याचं काय झालं बघा ना. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये वेम्बलीवर क्रोएशियाकडून २-३ हरला, युरो हुकला. भर पावसात टचलाइनला छत्री धरून उभा. त्या छत्रीने त्याला आयुष्यातून उठवलं. पेपरांनी जे धुतलं, काही विचारू नका. मग हॉलंडला ट्वेंटेकडे गेला आणि २०१० मध्ये त्यांना त्यांच्या इतिहासातली पहिली डच लीग जिंकून दिली. आयॅक्स, पीएसव्ही असताना! इंग्लंडमध्ये लोकांच्या लक्षात काय राहिलं? तर डच टीव्हीवर तो डच लोकांसारखं तुटक इंग्लिश बोलला ती क्लिप. अजून फिरते ती.


ऑक्सफर्डवासी | १९ ऑक्टोबर २०२४

इथेच राहतो, म्हणून थोडं आतलं.

आमच्या ऑक्सफर्ड युनायटेडचा मॅनेजर सध्या डेस बकिंगहॅम. मुंबईकरांना नाव नवीन नाही. जन्म ऑक्सफर्डचा, खेळाडू म्हणून काही घडलं नाही, कोवळ्या वयात इथल्याच क्लबात पोरांना शिकवायला लागला. मग न्यूझीलंडला वेलिंग्टन, मग मेलबर्न सिटी, मग अंधेरीत मुंबई सिटी. २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबाचा पहिला विजय. मग २०२२-२३ ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड. त्या सीझनची मुंबई सिटी ज्यांनी अंधेरीत बघितली त्यांना विचारा. छांगते उजवीकडून, बिपिन डावीकडून, आणि गोलवर गोल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तो इथे आला. मे महिन्यात वेम्बलीला प्ले-ऑफ फायनल, बोल्टनला २-० हरवलं, दोन्ही गोल जॉश मर्फीचे. पंचवीस वर्षांनी क्लब दुसऱ्या श्रेणीत. मी मुंबई सिटीची टोपी घालून गेलो होतो. शेजारच्या पिवळ्या शर्टातल्या आजोबांनी ती बघून 'हे काय' म्हणून विचारलं, मी सांगितलं की तुमचा मॅनेजर आधी आमचा होता. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

आता मुद्दा. हा माणूस जगभर फिरला नसता तर त्याला इथे कोणी उभं केलं नसतं. पिकतं तिथे विकत नाही. आमच्या कसम स्टेडियमला तीनच स्टँड आहेत, चौथ्या बाजूला गाड्यांचा पार्किंग. पार्किंगकडे पाठ करून बसता येत नाही म्हणून मी समोर बसतो, तर बाकाच्या मागचे प्रेक्षक काय बोलतात ते ऐकू येतं. दोन पास मागे गेले की लगेच 'पुढे मार ना रे' सुरू. अशा ठिकाणी शांतपणे टीम बांधायला पोटात दम लागतो. दुसऱ्या श्रेणीत मॅनेजर सलग दोन सीझन टिकला तर त्याला ज्येष्ठ समजतात.

आणि कोचिंगच्या लायसन्सचं. युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेच्या २०१० च्या आकड्यांत बी, ए आणि प्रो लायसन्सवाले कोच इंग्लंडमध्ये २,७६९ होते. जर्मनीत ३४,९७०. स्पेनमध्ये जवळपास २४ हजार. सेंट जॉर्जेस पार्क हे इंग्लंडचं राष्ट्रीय फुटबॉल केंद्र उघडलं २०१२ मध्ये. जर्मन लोक युरो २००० मध्ये तोंडावर आपटल्यावर लगेच कामाला लागले होते. आज जो पंचेचाळिशीचा इंग्लिश मॅनेजर हवाय, तो शिकायच्या वयाचा होता तेव्हा शाळाच नव्हती. पुढच्या पिढीत फरक दिसायला हवा. प्रो लायसन्सची फी मात्र इथे अजूनही हजारो पौंडांत आहे, साध्या पोराला परवडत नाही.


मडगावची रेफ्री | १९ ऑक्टोबर २०२४

सगळे पुरुषच मोजताय म्हणून एक आठवण. या घडीला जगातली सगळ्यात यशस्वी इंग्लिश कोच एमा हेज आहे. चेल्सीला लीगवर लीग जिंकून दिली आणि यंदा पॅरिसला अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण. आणि इंग्लंडच्या महिलांचा संघ कोणाकडे? सरिना विगमन, डच. २०२२ चा युरो तिनेच जिंकून दिला. म्हणजे इंग्लिश बाई अमेरिकेला जिंकवते, डच बाई इंग्लंडला. तिथे कोणी ऊर बडवत नाही.

अवांतर: घरच्या कोचला कोण विचारतो, यावर आपण गोवेकरांनी तरी इंग्रजांना हसू नये. आर्मांदो कोलासोंनी गोव्याच्या धेंपो क्लबाला पाच राष्ट्रीय लीग जिंकून दिल्या. पाच! यंदा आयएसएलच्या तेरा क्लबांत सीझन सुरू झाला तेव्हा भारतीय मुख्य कोच दोन, जमशेदपूरला खालिद जमील आणि हैदराबादला थांगबोई सिंगतो. आमच्या एफसी गोवाचा मानोलो मार्केझ तर गोव्याचाही कोच आणि भारताचाही. एकाच माणसाला दोन पगार देऊ, पण गावातल्याला एक देणार नाही.


कट्टर युनायटेड | १९ ऑक्टोबर २०२४

आता माझ्याकडूनही एक किस्सा ऐका, म्हणजे मी एवढा निबर का झालो ते कळेल. ऑगस्ट २०२२, बोर्नमथ लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर ०-९ हरलं. मॅनेजर स्कॉट पार्करला काढलं. गॅरी ओनीलकडे तात्पुरती टीम दिली, त्याने ती पंधराव्या नंबरवर आणून वाचवली. सगळे म्हणाले वा वा. जूनमध्ये त्याला काढून इराओलाला आणलं. सगळे इंग्लिश समालोचक खवळले, किती हा अन्याय! इराओलाने पहिल्याच सीझनमध्ये ४८ पॉइंट केले, प्रीमियर लीगमधला बोर्नमथचा तोवरचा विक्रम. अन्याय झाला असेलही, पण मालकाचा निर्णय बरोबर निघाला ना?

आणि तुमच्या हिरोंना संधी मिळत नाही असं कोण म्हणतं? लॅम्पार्डला डर्बीत एक वर्ष काढल्यावर चेल्सी मिळालं. जेरार्डला व्हिला मिळालं. गॅरी नेव्हिलला तर अनुभव शून्य असताना व्हॅलेन्सिया मिळालं, चार महिन्यांत परत. मोठं नाव असलं की पहिल्या पायरीवरून थेट गच्चीवर. मधे पडले की म्हणायचं इंग्लिश मॅनेजरला किंमत नाही.


कूपरेजकर | २० ऑक्टोबर २०२४

यातली दुसरी बाजू शंभर टक्के मान्य. जेरार्डने स्कॉटलंडच्या रेंजर्सला २०२१ मध्ये एकही मॅच न हरता लीग जिंकून दिली, तेवढं मात्र त्याच्या खात्यात धरा.

पण ओनीलच्या किश्श्यातून मला दुसरंच दिसतं. इंग्लिश मॅनेजरला बोलावतात कधी? घर पेटल्यावर. डाइश, हॉजसन, अलार्डाइस, ओनील, सगळे अग्निशमन दलात. आग विझवली की धन्यवाद, आता आम्ही चांगला आर्किटेक्ट आणतो. टीम वाचवायची म्हणजे दहा जण मागे ठेवून खेळायचं. मग तीच त्याची ओळख होते, आणि मोठा क्लब म्हणतो हा तर मागे खेळवतो. डाइशने बर्नलीला २०१८ मध्ये सातव्या नंबरवर, युरोपात नेलं. त्यानंतर त्याला वरच्या सहांपैकी एकाचा तरी फोन आला?


बंड्या दहा नंबर | २० ऑक्टोबर २०२४

फोन आला असेल, पण आवाज इतका घोगरा की समोरच्याने रॉंग नंबर म्हणून ठेवला असेल.


पेठेतला जॉर्डी | १७ मार्च २०२५

धागा वर काढतोय. कारण सांगायला नको!!!

न्यूकॅसल २, लिव्हरपूल १. लीग कप. १९५५ नंतरची पहिली देशांतर्गत ट्रॉफी. रात्रभर झोप नाही. डॅन बर्न, सहा फूट सात इंच, न्यूकॅसलच्या अकॅडमीने अकराव्या वर्षी घरी पाठवलेला पोरगा. कॉर्नर आला तेव्हा तो गर्दीपासून लांब, पेनल्टी स्पॉटच्या आसपास एकटाच, आणि त्याच्या अंगावर लिव्हरपूलचा मॅक ॲलिस्टर. एवढ्या उंच माणसाला एवढासा माणूस? लांबून डोक्याने असा काही हाणला की गोलकीपर केलेहर बघतच राहिला. मग आपल्या इसाकचा गोल. मग त्यांच्या किएझाने शेवटी शेवटी एक मारून माझा रक्तदाब वाढवला.

आणि एडी हाऊ! रेडनॅपनंतर मोठी देशांतर्गत ट्रॉफी जिंकणारा पहिला इंग्लिश मॅनेजर. सतरा वर्षं! लीग कप तर २००४ च्या मॅक्लारेननंतर पहिलाच. हो, तोच छत्रीवाला.

कूपरेजकर, आता शीर्षक बदला.


कूपरेजकर | १७ मार्च २०२५

अभिनंदन जॉर्डी, मनापासून. पण शीर्षक राहू द्या. धागा काढला तेव्हा तीन होते. ओनीलला डिसेंबरात काढलं, पोर्तुगीज आला. डाइशला जानेवारीत काढलं, ग्लासगोचा मॉयेस परत आला. लोपेतेगी गेला आणि वेस्ट हॅमने पॉटरला आणलं. म्हणजे कप जिंकला, पण इंग्लिश मॅनेजर उरले दोन. गिपुस्कोआ अजून तीनवर आहे.


ऑक्सफर्डवासी | १७ मार्च २०२५

आमच्या बकिंगहॅमलाही डिसेंबरात नारळ मिळाला. मे मध्ये वेम्बली, डिसेंबरात घरी. जागेवर गॅरी रोवेट, अनुभवी अग्निशामक. टीम सावरली हे खरं, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.


जुना स्टॉपर | १८ मार्च २०२५

हाऊची गोष्ट तपशिलात बघण्यासारखी आहे. बोर्नमथ त्याने हातात घेतलं तेव्हा त्याचं वय एकतीस, क्लब चौथ्या श्रेणीत आणि आर्थिक घोळामुळे खात्यात उणे सतरा पॉइंट. तिथून, मधे थोडा काळ बर्नलीला जाऊन, २०१५ मध्ये प्रीमियर लीग. पाच सीझन टिकवलं, २०२० ला खाली गेले, मग वर्षभर घरी बसला. नुसता बसला नाही, माद्रिदला ॲटलेटिकोच्या सिमेओनेकडे जाऊन सराव बघून आला. कूपरेजकर म्हणतात ती मधली पायरी त्याने एकाच क्लबात स्वतः बांधली. असा धीर धरणारा क्लब आता कुठे मिळायचा?

आणि विसरू नका, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलच्या सौदी मालकांची पहिली पसंती उनाय एमरी होता. तो नाही म्हणाला. तेव्हा अकरा मॅचमध्ये एकही विजय नव्हता, पाच पॉइंट होते. म्हणजे हाऊलाही बोलावलं ते आग लागल्यावरच.


पेठेतला जॉर्डी | १८ मार्च २०२५

एमरी हो म्हणाला असता तर? नकोच तो विचार.


कट्टर युनायटेड | १८ मार्च २०२५

माझं मत तेच आहे, पासपोर्ट बघू नका, काम बघा. आणि काम बघूनच विचारतो: आमच्या युनायटेडचा मॅनेजर आमोरीम, त्याचं काही खरं दिसत नाही. हाऊ येईल का हो ओल्ड ट्रॅफर्डला?


ऑक्सफर्डवासी | १८ मार्च २०२५

का हो, बरं चाललंय की त्याचं.